घरात चेंडू खेळू द्यावा का? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात. मैदानात चिखल, पार्किंगमध्ये गाड्या, मग मुलं हॉलमध्ये चेंडू आपटतात आणि घरात वाद सुरू होतो. या वेळी त्यातले सात प्रश्न निवडले आहेत. शारीरिक शिक्षण, इमारतीचं बांधकाम आणि मुलांचं आरोग्य या तिन्ही बाजूंचा विचार उत्तरांत केला आहे.

प्रश्न: आम्ही वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ७ वर्षांची. सासूबाई म्हणतात, घर म्हणजे मैदान नव्हे. मुलांचे बाबा म्हणतात, खेळू दे. घरात चेंडू खेळायला सरळ बंदी घालावी का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: बंदी घालू नका. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जून ते सप्टेंबर ही हालचाल बाहेर रोज होणं आपल्याकडे कठीण आहे. शिवाय बंदी असलेल्या घरातही चेंडू खेळला जातोच. फक्त मोठी माणसं घरात नसताना, पंखा चालू ठेवून आणि हाताला येईल त्या चेंडूने. मोठे अपघात होतात ते अशा वेळी.

मात्र कोणता चेंडू, कोणती खोली आणि किती वेळ हे मोठ्यांनीच ठरवायचं. त्यात मुलांशी घासाघीस नको.

आधी चेंडू. त्याच्या तीन गोष्टी बघा: वजन, कडकपणा आणि उसळी. काचेला भीती असते वजनाची आणि कडकपणाची. खालच्या मजल्याला त्रास होतो उसळीचा. डोळ्याला धोका असतो तो लहान आकाराचा आणि कडकपणाचा. म्हणून ‘हा चेंडू मऊ आहे’ एवढं म्हणून भागत नाही.

टेनिस बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. सीझन बॉल, म्हणजे क्रिकेटचा कातडी चेंडू, १५५.९ ते १६३ ग्रॅमचा. दोन्ही एकाच वेगाने आले तर सीझन बॉलची ऊर्जा टेनिस बॉलच्या जवळपास पावणेतीनपट असते, आणि तो दबत नसल्यामुळे ती सगळी एका टिचभर जागेत उतरते. सीझन बॉल घरात नको. नुसते कॅच द्यायलाही नको. गल्लीतल्या सामन्यांसाठी मिळणारा ‘हेवी’ टेनिस बॉल आणि इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेला टेनिस बॉल हे दोन्हीही साध्या टेनिस बॉलपेक्षा जड, त्यामुळे तेही बाहेरच. भरीव रबरी चेंडू घरासाठी सगळ्यांत वाईट, कारण तो जड आहे, लहान आहे आणि कुठे उसळेल याचा नेम नाही. पोकळ प्लास्टिकचा चेंडू हलका असतो, पण जोडावर तडकतो आणि तडकलेली कड चाकूसारखी कापते. चीर दिसली की लगेच कचऱ्यात टाका.

साधा टेनिस बॉल घरात चालेल का, हा नेहमीचा प्रश्न. पासिंग, झेल, जमिनीवरून सरपटी टाकणं यासाठी चालेल. सुटा चेंडू बॅटने मारायला नको. जुना, उसळी गेलेला टेनिस बॉल सुरक्षित असतो हाही गैरसमज आहे. त्याची हवा गेलेली असते, वजन तेवढंच राहतं. काचेला तो नव्याइतकाच लागतो.

घरासाठी योग्य चेंडू म्हणजे स्पंजचा. वजन ४० ग्रॅमच्या आत, व्यास ७ सेंटिमीटर किंवा जास्त, आणि अंगठ्याने दाबला तर सहज १ सेंटिमीटर आत जाणारा. उसळी तपासायची तर १ मीटर उंचीवरून लादीवर सोडा. टेनिस बॉल साधारण ५३ ते ५८ सेंटिमीटर वर येतो. घरातला चेंडू ४० च्या वर येता कामा नये. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शाळेची पट्टी एवढ्यावर ही तपासणी दोन मिनिटांत होते. ती मुलांनाच करू द्या. मोजमाप स्वतः घेतलं की हाच चेंडू का, हे त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

विकत आणायचा नसेल तर मोज्यांचा चेंडू करा. लहान मुलांचे दोन जुने सुती मोजे एकमेकांत घट्ट न आवळता गुंडाळा, तो गोळा तिसऱ्या मोज्याच्या टोकात सारा, मोज्याला पीळ द्या, उलटा करून पुन्हा त्याच गोळ्यावर ओढा, उरलेलं टोक आत दुमडून सुईदोऱ्याने टाके घाला. इथे चूक होते ती मोजे निवडताना. मोठ्या माणसाचे चार जाड मोजे वापरले तर चेंडू टेनिस बॉलपेक्षाही जड होऊ शकतो. ६० ग्रॅमच्या वर गेला तर एक मोजा कमी करा. आत दगड, वाळू, बटणं काहीही भरू नका. आणि ओला झाला तर वाळेपर्यंत बाजूला ठेवा, कारण पाण्याने वजन वाढतं.

आता खोली. स्वयंपाकघर कायम बाद: गॅस, कुकर, तापलेली कढई. गॅलरी बाद, तिचं कारण पुढच्या एका उत्तरात येईल. राहिला हॉल किंवा बेडरूम. खेळण्याआधी पंखा बंद करा आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा. १२०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५० फेऱ्यांनी फिरत असेल तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी जवळपास ८० किलोमीटर होतो. वर गेलेला चेंडू त्या पात्याला लागला की कोणत्या दिशेने परतेल ते सांगता येत नाही. टीपॉय भिंतीला लावा, काचेचा असेल तर दुसऱ्या खोलीत न्या. पायात मोजे नकोत, व्हिट्रिफाइड लादीवर ते घसरतात. अनवाणी खेळणं चांगलं.

वेळ एका दमात २० मिनिटं. पंखा बंद असल्याने मुलं घामाघूम होतात. मग पाणी, पंखा, थोडी विश्रांती, आणि हवं तर आणखी २० मिनिटं. घरात तिन्हीसांजेला देव्हाऱ्यात समई किंवा निरांजन लावत असाल, तर खेळ त्याआधी संपवायचा.

सासूबाईंच्या आक्षेपालाही उत्तर हवं. त्यांचा त्रास बहुतेक वेळा चेंडूपेक्षा अचानकपणाचा असतो: हातात चहाचा कप आणि कानाजवळून चेंडू. वेळ ठरलेली असेल, त्या वेळी त्या दुसऱ्या खोलीत बसतील आणि बाकी वेळ चेंडू त्यांच्याच ताब्यात राहील, असं केलं तर बराच वाद मिटतो. चालताना तोल सांभाळावा लागणारी वयस्कर व्यक्ती घरात असेल तर एक नियम पक्का करा: खेळ संपला की चेंडू डब्यात. पायाखाली आलेल्या चेंडूवरून घसरून खुब्याचं हाड मोडणं, हा फुटलेल्या काचेपेक्षा कितीतरी मोठा अपघात आहे.

प्रश्न: आमच्या वरच्या मजल्यावर दोन मुलं रोज दुपारी चेंडू आपटतात. मी ७४ वर्षांचा आहे, दुपारी डोळा लागत नाही. सांगितलं तर म्हणतात, ‘आम्ही गालिचा घातलाय काका.’ तरी आवाज येतो. मी उगाच कटकट करतोय का?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर: नाही. तुम्हाला आवाज खरोखर येतो, आणि गालिचा घातला तरी येणारच.

बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येतो, तो स्लॅब बऱ्यापैकी अडवतो. चेंडूचा आवाज मात्र स्लॅबच स्वतः हलल्यामुळे होतो. आपल्या फ्लॅटमधला स्लॅब साधारण १२५ ते १५० मिलिमीटर जाडीचा, त्यावर सिमेंटच्या थरात पक्की बसवलेली लादी. मध्ये मऊ थर कुठेच नाही. चेंडू आपटला की तो धक्का काँक्रीटमधून थेट तुमच्या छताला आणि भिंतींना पोचतो. पातळ गालिच्याने वरचा ‘टक’ आवाज जातो, खालचा ‘धप्प’ तसाच राहतो. झोप मोडतो तो हा दुसरा. वरच्या घरात उभं राहिलं तर तो फारसा ऐकूच येत नाही, म्हणून ती माणसं खोटं बोलत नाहीत आणि तुम्हीही नाही.

सगळ्यात चांगला उपाय, एकदा दोन्ही घरांनी मिळून पाच मिनिटांची परीक्षा घ्यायची. वरच्या घरातली आई किंवा वडील तुमच्या खोलीत येऊन बसतील आणि वर मूल तोच चेंडू त्याच जागी खेळेल. ऐकल्यावर पुढचं बोलणं सोपं होतं.

वरच्या घराने काय करावं तेही इथे सांगतो. हा अंक त्यांना दाखवा. उसळणारा चेंडू बदलून स्पंजचा आणावा, याने सर्वांत जास्त फरक पडतो. त्याखाली २० मिलिमीटर जाडीच्या, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया घालाव्यात. त्या बहुधा ६० बाय ६० सेंटिमीटरच्या मिळतात. दोन बाय दोन मीटर जागेला १६ चटया पुरतात, हिशेबासाठी जागेची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये घेऊन प्रत्येकी ६० ने भागावी, वरचा आकडा धरावा आणि दोन्ही आकडे गुणावेत. १० मिलिमीटरच्या चटया स्वस्त पडतात, पण धक्का फारसा शोषत नाहीत. भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ शेजारच्या फ्लॅटशी सामाईक असलेल्या भिंतीवर नको. बास्केटबॉलचं ड्रिब्लिंग कुठल्याच चटईवर नको. मोठ्यांचा बास्केटबॉल साधारण ६०० ग्रॅमचा असतो आणि तो खालच्यांना ऐकू न येईल अशी चटई घरात घालता येत नाही. त्याला खालचं आवारच हवं.

वेळेबाबत आमचं मत स्पष्ट आहे: दुपारी १ ते ४ आणि रात्री ९ नंतर चेंडू नको. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ अशी धरली आहे, पण या प्रश्नात नियमापर्यंत जावं लागू नये. संध्याकाळी ५ ते ७ हा वेळ तुम्ही मुलांना मोकळेपणाने द्या. त्या दोन तासांत तक्रार करायची नाही, हे तुमच्या बाजूने पाळलंत तर दुपार शांत मिळण्याची शक्यता खूप वाढते.

प्रश्न: मुलाने स्पंजच्या चेंडूने खेळतानाच भिंतीवरचा एलईडी टीव्ही फोडला. दुकानदार म्हणतो, वॉरंटीत बसत नाही. एवढ्या हलक्या चेंडूने टीव्ही फुटतो?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: चेंडूने क्वचित, बॅट हातातून सुटून किंवा मूल मागे सरकताना कोपर लागून जास्त वेळा. जुन्या डबा-टीव्हीची पुढची काच जाडजूड असायची. आताच्या पॅनेलमधली काच एक मिलिमीटरहूनही पातळ असते आणि तिच्यामागे आधार कमी असतो. एका बिंदूवर दाब आला की ती आतून तडकते, वरून कधी कधी ओरखडाही दिसत नाही. आपटून झालेली मोडतोड नेहमीच्या वॉरंटीत येत नाही, आणि पॅनेल बदलायचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. दुरुस्तीला हो म्हणण्याआधी तो आकडा लेखी मागा.

पुढच्यासाठी: टीव्ही असलेली भिंत खेळणाऱ्याच्या पाठीशी किंवा समोर कधीही येऊ देऊ नका, ती बाजूला हवी. चेंडू समोरच्या आणि मागच्या दिशेला जोरात जातो. टीव्ही बंद करून वरून गोधडी सोडली तर आणखी चांगलं.

खिडक्यांचं पाहा. जुन्या इमारतींत ३ ते ४ मिलिमीटरची साधी काच असते. ती फुटली की लांब, टोकदार तुकडे पडतात. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत असते आणि फुटली तर बोथट कणांत फुटते. तिच्या कोपऱ्यात बहुधा कोरलेला शिक्का असतो. शिक्का नसेल तर साधीच काच धरून चाला आणि आतल्या बाजूने सेफ्टी फिल्म लावून घ्या. फिल्ममुळे काच फुटायची थांबत नाही, पण तुकडे जागेवर चिकटून राहतात. काच फुटलीच तर मुलांना आहेत तिथेच थांबवा, पळू देऊ नका. चपला घालून मोठे तुकडे उचला, केरसुणीने गोळा करा, मग वर्तमानपत्राचा ओला कागद लादीवर दाबत फिरवा. बारीक कण तीन-चार मीटर लांब उडालेले असतात, सोफ्याखालीही बघा.

नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर छताकडे एकदा नजर टाका. आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी बोटाच्या पेरापेक्षाही लहान, लाल द्रवाची काचेची नळी असते. ती ६८ अंश सेल्सिअसला फुटण्यासाठी बनवलेली असते, पण चेंडू लागूनही फुटू शकते. फुटली की मिनिटाला ५०-६० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी घरात पडायला लागतं आणि ते खोलीतून बंद करता येत नाही. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कोण बंद करतो, हे सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला आजच विचारून ठेवा. स्प्रिंकलर असलेल्या खोलीत वर उडवायचे खेळ पूर्ण बंद. चेंडू खांद्याच्या खालीच.

जुनी ट्यूबलाइट फुटली तर तिच्यात थोडा पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, १०-१५ मिनिटांनी तुकडे जाड कागदाने गोळा करा. झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर वापरूच नका.

प्रश्न: नातू ११ वर्षांचा, क्रिकेटच्या कोचिंगला जातो. पावसात नेट बंद असतं. सीझन बॉल मोज्यात घालून हॉलमध्ये टांगून सराव करतो म्हणतो. करू द्यावं का?
— एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर: टांगलेल्या चेंडूचा सराव उत्तम, पण हॉलमध्ये सीझन बॉल नको. मोज्याचा धागा किंवा गाठ सुटली तर तो गोळा थेट सुटतो. १३ वर्षांखालच्या मुलांचा चेंडूसुद्धा १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो. तिथे टेनिस बॉल घाला. नजर, डोकं चेंडूच्या वर आणणं, बॅट सरळ येणं, हे सगळं त्यानेही शिकता येतं.

टांगायचं कुठे? पंख्याच्या हुकाला अजिबात नाही. बेडरूमच्या दाराच्या लाकडी चौकटीत, वरच्या पट्टीच्या बरोबर मध्ये, एक मजबूत स्क्रू-हूक बसवा. आधी बारीक भोक पाडून मगच हूक पिळा, नाहीतर चौकट चिरते. टेनिस बॉल लांब सुती मोज्याच्या टोकात घाला, चेंडूच्या अगदी वर गाठ मारा, तिथे ४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी बांधा. दाराची उंची २.१ मीटर धरली आणि चेंडू जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याच्या थोडा वर हवा असेल, तर हुकापासून चेंडूपर्यंत साधारण १.६५ मीटर अंतर येतं. एवढ्या लांबीचा चेंडू जाऊन परत यायला अडीच सेकंद लागतात. बॅट पुन्हा जागेवर आणायला हा वेळ पुरतो. दोरी आखूड केली तर चेंडू लवकर परततो आणि मूल घाईघाईत आडवी बॅट लावायला लागतं.

नातवाने दाराच्या आत नाही, दारापासून एक पाऊल मागे उभं राहायचं. पुढचा पाय टाकला की डोकं चेंडूच्या वर यायला हवं. चेंडू हलकेच थोपवायचा, पुढे अर्ध्या मीटरपेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही. दोन्ही बाजूंची चौकट इथे कामाची आहे, कारण सरळ बॅटलाच वाट मिळते. जोरात ड्राइव्ह मारला की दोन गोष्टी बिघडतात: चेंडू वरच्या पट्टीभोवती वेढा घेतो, किंवा उंच जाऊन तोंडाच्या रेषेत परत येतो. वेढा बसला की सराव थांबवून दोरी तपासायची. दाराला खालून पाचर मारून ठेवा, नाहीतर वाऱ्याने दार मध्येच लोटलं जातं. ३० चेंडू, विश्रांती, असे चार-पाच संच पुष्कळ झाले. दर आठवड्याला मोज्याचं टोक बघा. तिथलं कापड विरलं की मोजा बदला.

लाकडी बॅट वापरणार असेल तर मागे कोणीही उभं राहायचं नाही. घरातल्या क्रिकेटमध्ये जबर मार बसतो तो बहुधा चेंडूचा नाही, मागे नेलेल्या बॅटचा, आणि तो बसतो धाकट्या भावंडाच्या कपाळावर. नातवाच्या हाताची लांबी अधिक बॅटची लांबी मिळून सव्वा मीटरच्या आसपास होते. त्याच्याभोवती दीड मीटरवर खडूने रेघ मारा. रेघेच्या आत कोणी आलं की बॅट लगेच खाली.

प्रश्न: खेळताना शेजारच्या मुलाच्या डोळ्याला प्लास्टिकचा चेंडू लागला. डोळा लाल झाला, दुसऱ्या दिवशी बरा दिसला. नेमकं केव्हा डॉक्टरकडे जायचं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: डोळ्यावर थेट मार बसला असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. वरून बरा दिसणारा डोळा आतून बरा असेलच असं नाही.

मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या खोबणीचं तोंड साधारण ४ सेंटिमीटर रुंद असतं. त्याहून मोठा चेंडू भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडतो, लहान चेंडू सरळ बुबुळापर्यंत जातो. म्हणूनच घरात ७ सेंटिमीटरच्या वरचा चेंडू सांगितला. टेनिस बॉल मोठा असला तरी जोरात आला तर दबून आत शिरतो, तेव्हा मऊपणाइतकाच वेगावरही ताबा हवा.

मार लागल्याबरोबर: डोळा चोळू देऊ नका, दाबू नका, घरातले थेंब, गुलाबपाणी, मध काहीही घालू नका. कागदी पेल्याचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा धरा, डोळ्याला स्पर्श नको. मुलाला डोकं उंच ठेवून बसवा. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताबडतोब निघायचं ते ही लक्षणं असताना: बाहुलीच्या पुढे रक्ताची पातळी दिसणं, दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, डोळा एका बाजूला न वळणं, डोळ्यापुढे काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा पडदा सरकल्यासारखं वाटणं, उलट्या. ठिपके आणि पडदा ही लक्षणं काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही येतात. मुलाला तसं सांगून ठेवा.

दात पडला तर तो दुधाचा की कायमचा ते बघा. दुधाचा दात परत बसवत नाहीत. कायमचा असेल तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मळला असेल तर दुधाने हलकेच विसळा, घासू नका, आणि शक्य असेल तर लगेच जागेवर बसवून रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा.

प्रश्न: मोठा ६ वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. मोठ्याचे चेंडू धाकटी तोंडात घालते.
— एक आई, नांदेड

उत्तर: ४४.५ मिलिमीटरपेक्षा लहान चेंडू ३ वर्षांखालच्या मुलांसाठी विकायला अमेरिकेत मनाई आहे, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते आणि हवेला वाटच राहत नाही. तुमच्या घरातही हीच मर्यादा धरा. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा, म्हणजे या मर्यादेपेक्षा लहान, तोही नको. जत्रेत मिळणारे रंगीत उसळीचे चेंडू आणि सागरगोटे तर बादच. स्पंजचा मोठा चेंडूसुद्धा तपासा. धाकटीने लचका तोडला असेल तर तो तुकडा घशाशी अडकू शकतो. फुगा हलका म्हणून बरा वाटतो, पण फुटलेल्या फुग्याचा रबर फार घातक, ८ वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो एकट्याने नको.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते बघून घ्या, तरी वरची मोजपट्टी तुमची तुम्ही लावाच. मूल गुदमरत असेल आणि रडता-खोकता येत नसेल तर घशात आंधळेपणाने बोट घालू नका. वर्षाच्या वरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, त्याने झालं नाही तर बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबा. हे आळीपाळीने चालू ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा.

प्रश्न: आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. चेंडू सारखा खिडकीतून खालच्या छज्जावर पडतो. मुलगा ग्रिलमधून हात घालून काढायचा प्रयत्न करतो. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे, तिथे खेळू दिलं तर? आणि तीन मुलांनी कमी जागेत खेळायला काही खेळ सुचवा.
— एक वाचक, नालासोपारा

उत्तर: पहिल्या भागाचं उत्तर कृपया आजच अमलात आणा. कबुतरजाळी पक्षी अडवायला असते, मुलाचं वजन पेलायला नाही. उन्हा-पावसात तिचा नायलॉन कुजतो आणि कडेचे हूक सुटतात. गॅलरीत चेंडू नाहीच. चेंडूमागे मूल कठड्यावर चढतं, त्या क्षणी त्याला मजला आठवत नाही.

छज्जावर गेलेल्या चेंडूसाठी घरात एकच नियम: तो गेला. मुलाने काढायचा नाही, मोठ्यांनीही वाकून काढायचा नाही. आंबे काढायच्या झेल्यासारखी लांब काठीला जाळी बांधून मोठ्या माणसाने ग्रिलच्या आतून काढता आला तर ठीक. एक जादा चेंडू डब्यात ठेवा. दुसरा हाताशी असला की पहिल्यासाठी जीव धोक्यात घालावासा वाटत नाही. ग्रिलच्या गजांतलं अंतर मोजा आणि त्याहून मोठा चेंडू आणा. १० सेंटिमीटरच्या फटीतून टेनिस बॉल आरामात जातो, १५ सेंटिमीटरचा स्पंजचा चेंडू जात नाही. ग्रिल नसलेली खिडकी असेल तर खेळताना ती बंद आणि कडी लावलेली.

आता खेळ. गल्लीतली लगोरी घरात छान बसते. सात ठिकऱ्यांऐवजी डब्यांची सात प्लास्टिकची झाकणं, मोज्यांचा चेंडू, अडीच मीटरवर रेघ, आणि फेक फक्त अंडरआर्म. पळापळ नको म्हणून रचणाऱ्याने गुडघ्यावर बसून रचायचं आणि बाकीच्यांनी जागेवरूनच गुडघ्याच्या खाली नेम धरायचा.

अंडरआर्म क्रिकेट खेळायचं तर प्लास्टिकची बॅट, स्पंजचा चेंडू आणि चाळीच्या व्हरांड्यातले जुने नियम: एक हात एक टप्पा आउट, चेंडू भिंतीला थेट लागला तर आउट, कमरेच्या वर उडाला तरी आउट. हा शेवटचा नियम सर्वांत उपयोगी, कारण जोरात मारण्यात फायदाच उरत नाही आणि मुलं आपोआप चेंडू जमिनीलगत ढकलायला शिकतात. बॅटिंग सहा-सहा चेंडूंची ठेवा, म्हणजे तिसऱ्याला फार वेळ बसावं लागत नाही. कंटाळलेलं तिसरं मूलच बॅटच्या मागे जाऊन उभं राहतं.

जेवणाचं टेबल असेल तर त्यावर पुस्तकांची १०-१२ सेंटिमीटर उंच रांग लावून टेबल टेनिस होतं. २.७ ग्रॅमच्या त्या चेंडूने काच फुटत नाही आणि खालच्या मजल्यालाही कळत नाही. आणि अगदीच जागा नसेल तर अर्ध्या लिटरच्या सहा रिकाम्या बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी भरून त्रिकोणात मांडा आणि तीन मीटरवरून चेंडू सरपटत सोडा. बिनपाण्याच्या बाटल्या पंख्याच्या वाऱ्यानेही पडतात, भरलेल्या हलक्या चेंडूने पडत नाहीत. १०० मिलिलिटर बरोबर जमतं. झाकणं घट्ट लावा, आणि थेंब जरी सांडला तरी लादी कोरडी पुसल्याशिवाय पुढचा डाव नको.